मूठभर तांदूळ

आमची आजी रोज सकाळी भाताचे तांदूळ मापून घ्यायची आणि मग त्यातले मूठभर परत काढायची. तळहात फिरवून सपाट केलेल्या मापट्यात तिची हाडकुळी मूठ शिरायची, आणि चुलीमागच्या फळीवर ठेवलेल्या जर्मनच्या डब्यात ते तांदूळ पडायचे. डबा रिकामा असला की आवाज मोठा यायचा, शनिवारपर्यंत तो मऊ होत जायचा. मूठ उघडताना ती माझ्या आत्याचं नाव घ्यायची आणि म्हणायची, "तुझ्या ताब्यात." एवढीच प्रार्थना. मग चूल फुंकायला बसायची.

हे बेळगावजवळच्या खानापूरच्या पुढच्या, भातशेतीच्या गावातलं. 1966 च्या जूनमध्ये आत्या मिरजेला नर्सिंग शिकायला गेली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली उभारलेलं तिथलं मिशन हॉस्पिटल आमच्या भागातल्या ख्रिस्ती घरांना पुण्या-मुंबईपेक्षा जवळचं वाटायचं. कुणाची ना कुणाची मुलगी तिथं पांढऱ्या कपड्यांत वावरत असायचीच. आत्या गेली आणि घरातलं एक तोंड कमी झालं. पण तिच्या वाटणीचे तांदूळ आजीनं घराच्या हिशेबात परत घेतले नाहीत. ते डब्यात साठायचे, रविवारी फडक्यात बांधून चर्चमध्ये टेबलापुढं ठेवले जायचे आणि पाळकसाहेब ते कुणा गरजवंताच्या घरी पोचवायचे.

मी तेव्हा सात वर्षांचा. एकदा विचारलं, "आत्या तिकडं जेवते, मग हे तांदूळ कुणाचे?"

"तिचेच की," आजी म्हणाली. "ती इथं नाही म्हणून तिचा वाटा संपतो काय?"

आज मी सहासष्ट वर्षांचा आहे. बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या रेल्वे गेटपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर आहे. थोरली आयर्लंडमध्ये नर्स आहे, धाकटा बेंगळुरूला कंपनीत आहे. घरात आम्ही दोघंच. गेली काही वर्षं आजीची ती मूठ मला सारखी आठवते, कारण घर सोडून गेलेल्या मुलांसाठी प्रार्थना कशी करायची हे मला नीट येत नाही, आणि ते ज्यांना येत होतं त्यातली ती एक होती.

मुलं घरात असताना ही अडचण नव्हती. काय मागायचं ते रोज समोर दिसायचं. ताप आला, उतरू दे. उद्या गणिताचा पेपर आहे. फीचे पैसे महिनाअखेरपर्यंत जमू देत. सायकलवरून पडला, हाड मोडलेलं नसू दे. रात्री जेवणाआधी आमची कुटुंब उपासना असायची: एक गीत, शास्त्रपाठ, मग लहानापासून मोठ्यापर्यंत एकेकानं प्रार्थना करायची. शेवटचा नंबर माझा. तोवर दोघांच्याही प्रार्थना ऐकून मला त्यांच्या मनातलं निम्मं कळलेलं असायचं. कुणाशी भांडण झालं, कुठला सर मारतो, कशाची भीती वाटते, हे मुलं बापाला सांगत नाहीत, पण डोळे मिटून देवाला सांगताना बाप शेजारीच बसलाय हे विसरतात.

2012 च्या ऑगस्टमध्ये धाकटा इंजिनिअरिंगला बेंगळुरूला गेला. बॅगा दाराशी होत्या, रिक्षा बाहेर उभी होती. आमच्याकडं प्रवासाला निघताना उभ्यानं प्रार्थना करतात आणि बहुतेक घरांत बायबलातलं 121 वं स्तोत्र वाचतात. शेकडो वेळा वाचलेलं आहे. त्या दिवशी शेवटच्या ओळीपाशी माझा आवाज अडला. मराठी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर घरातली म्हातारी माणसं रागावतात. स्तोत्रात मात्र परमेश्वर माणसाचं जाणंयेणं राखतो असं आहे, आणि त्या जोडशब्दात जाणं आधी येतं. मला येणं आधी हवं होतं. चार वर्षांनी थोरली आयर्लंडला निघाली, तेव्हा ते स्तोत्र मी हिला वाचायला सांगितलं.

मी पोस्टात होतो, 1981 ते 2019. सुरुवातीची दहा-पंधरा वर्षं काउंटरपलीकडून रोज कुणीतरी म्हणायचं, "साहेब, दोन ओळी लिहून द्या की." येळ्ळूर, कंग्राळी, काकती अशा गावांतल्या बायका. कुणाचा मुलगा मिलिटरीत सीमेवर, कुणाचा मुंबईत हॉटेलात. निळ्या अंतर्देशीय पत्रावर मी लिहायचो आणि त्या सांगायच्या. बातमी तीन ओळींत संपायची: म्हैस व्याली, पाऊस बरा आहे, धाकटीचं ठरतंय. मग उरलेल्या कागदावर नुसता आशीर्वाद. कुणी सौंदत्तीच्या यल्लम्मावर सोपवायची, कुणी जोतिबावर, कुणी विठोबावर. मी ख्रिस्ती माणूस ते सगळं तसंच्या तसं उतरवायचो आणि खरं सांगतो, मला त्यात कधी परकं वाटलं नाही. पत्र मिटताना बहुतेकींचा शेवटचा प्रश्न एकच असायचा. "अजून जागा हाय काय? मग लिवा, जेवत जा म्हणावं."

त्या पत्रांना जाऊन उत्तर यायला तीन आठवडे लागायचे. त्याच्याही मागं गेलं तर अंतर आणखी वाढतं. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम 1820 साली सुरू झालं. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथॉडिस्ट मिशनकडं आलं, आणि आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, त्याच परंपरेतली. आम्ही त्या मिशनऱ्यांबद्दल शाळा काढल्या, शास्त्र आणलं, एवढंच बोलतो. पण तेही कुणाची तरी घर सोडून गेलेली मुलंच होती. सुएझ कालवा 1869 साली खुला झाला. त्याच्या आधी आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला चार-पाच महिने लागायचे. 'मला ताप आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा' असं इथून कुणी लिहिलं, तर ते पत्र विलायतेला पोचेपर्यंत ताप उतरलेला असे, नाहीतर माणूस इथल्या मातीत गेलेला असे. तिकडं त्याची आई पत्र हातात घेऊन गुडघे टेकायची, तेव्हा ती आधीच होऊन गेलेल्या गोष्टीसाठी मागत असायची. पोस्टातला माणूस म्हणून हा विचार माझ्या मनातून जात नाही. ती प्रार्थना वाया गेली असं मला म्हणवत नाही. देवाला पोस्टाचे दिवस मोजावे लागत नाहीत, एवढा माझा विश्वास आहे.

आम्हाला तर सगळं लगेच कळतं. आयर्लंडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं आणि उन्हाळ्यात साडेचार. थोरलीची नाइट ड्यूटी सकाळी आठला सुटते, म्हणजे आमची दुपारची दीडची, किंवा साडेबाराची. ती घरी पोचली की मेसेज टाकते. धाकटा रात्री कितीला शेवटचा ऑनलाइन होता ते व्हॉट्सअॅपवर दिसतं. मी पहाटे पाचला उठून प्रार्थनेला बसायचो आणि बसण्याआधी ते बघायचो. दोन वाजून चौदा मिनिटं. दोन वाजेपर्यंत हा काय करत होता? एवढं मनात आलं की पुढची वीस मिनिटं डोळे मिटलेले असूनसुद्धा मी देवासमोर नसायचो, मी बेंगळुरूच्या त्या खोलीच्या दाराशी उभा असायचो. आजीला महिन्यातून एक पत्र यायचं, तेही मी वाचून दाखवायचो, आणि तिची प्रार्थना दोन शब्दांची होती. माझ्या हातात चोवीस तास खबर होती आणि माझी प्रार्थना म्हणजे चौकशी झाली होती. 'तुझ्या ताब्यात' असं मी एकदाही म्हणालो नव्हतो.

बुधवारच्या घरप्रार्थनेत हेच जरा वेगळ्या रूपात चालतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण त्या लोकांनीच माझ्या आजारपणात रात्री जागवल्या आहेत. पण लिहिलं पाहिजे. प्रार्थना विषय मागितले की आईबाप मुलांची नावं सांगतात, आणि नावाबरोबर सगळी हकीकत. अमक्याचं लग्न ठरेना. तमकीला दोन वर्षं झाली तरी मूलबाळ नाही. नोकरी सुटली, अजून कुणाला सांगितलेलं नाही, तुम्ही फक्त प्रार्थनेत ठेवा. ते पोर तीनशे मैलांवर बसलेलं असतं आणि इथं पंधरा माणसं चहा पिताना त्याच्या आयुष्यातली दुखरी जागा हातोहात फिरवतात. दुसऱ्या बाजूला साक्षी, म्हणजे देवानं काय चांगलं केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. मुलाला कॅनडाचा व्हिसा मिळाला, देवाला धन्यवाद. मुलगी मॅनेजर झाली, देवाला धन्यवाद. जिचा मुलगा गावातच रिकामा फिरतो ती आई मागच्या रांगेत पदराशी चाळा करत बसते. मी दोन्ही केलेलं आहे. धाकटा चर्चला जात नाही हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक झालं ते माझ्याच तोंडून, आणि मी ते प्रार्थना विषय म्हणून सांगितलं होतं.

2020 ला उपासना बंद झाल्या, मोबाइलवर आल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा धाकटा परत गेलाच नाही. विचारलं तर म्हणायचा, "बघू पप्पा."

2022 चा गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना. चर्चमध्ये पंखे फिरत होते तरी घामानं सदरा पाठीला चिकटला होता. सहाव्या उद्गारापाशी मला भरून आलं. घरी येऊन पाणी पिण्याआधी मी त्याला फोन लावला. चार वाजले असतील. त्याचा आवाज झोपेतला होता.

"चर्चला गेला नाहीस?"

"झोपलो होतो पप्पा. रात्री काम होतं."

मग मी बोललो. तुझी आई आणि मी रोज पहाटे पाचला तुझ्यासाठी गुडघ्यावर असतो. माझे गुडघे गेलेत, तरी टेकतो. आणि तू आजच्या दिवशी झोपतोस.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग नका करू."

फोन ठेवला त्यानं. त्यानंतर तीन महिने हिच्याशी बोलायचा, माझ्यासाठी 'पप्पांना सांग, बरा आहे' एवढाच निरोप. मी त्याच्यावर रागावलो होतो, आणि तो राग मी प्रार्थनेत मांडत राहिलो. शेवटी थोरलीनं मला फोन केला. रात्रपाळी संपवून, बसस्टॉपवरून. मागं वारा ऐकू येत होता. ती फार बोलत नाही. म्हणाली, "पप्पा, एक सांगू? तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली नाही. त्याची तक्रार केली. आधी देवाकडं केली, मग त्याच्याकडंच केली."

मुलीनं बापाला असं सांगायला धाडस लागतं. मी 'बरं' म्हणालो आणि बाहेर पायरीवर जाऊन बसलो. गेट पडलं होतं, मालगाडी जात होती. शेवटचा डबा जाईपर्यंत मी तिथंच.

त्यानंतर मी बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय पुन्हा वाचला. तोवर ईयोब म्हटलं की मला त्याच्या अंगावरचे फोड आणि तो बसला ती राख आठवायची. पण संकट यायच्या आधी पाच ओळींत तो बाप म्हणून दिसतो. सात मुलगे, तीन मुली, सगळी मोठी झालेली. मुलांची आपापली घरं, आळीपाळीनं एकमेकांकडं मेजवान्या, बहिणींना बोलावणं. त्या मेजवानीत बापाचा उल्लेख नाही. मेजवान्यांची फेरी संपली की ईयोब पहाटे उठायचा आणि एकेकाच्या नावानं होमार्पण करायचा, कारण त्याच्या मनात यायचं की कदाचित माझ्या मुलांनी मनातल्या मनात देवाचा अव्हेर केला असेल. कदाचित. त्याला माहीत नव्हतं. त्यानं विचारायला माणूस पाठवला असं तिथं लिहिलेलं नाही. तुमच्यासाठी मी किती पहाटे उठतो, असं त्यांना ऐकवल्याचंही नाही. मुलांच्या मनात काय चाललंय ते ठाऊक नसतानाच तो उठायचा, आणि जे करायचं ते मुलं झोपलेली असताना उरकायचा.

पण तिथंच थांबता येत नाही. त्याच अध्यायात वाळवंटातून वारं सुटतं, घर कोसळतं आणि ती दहाही मुलं मरतात. एवढ्या पहाटा, एवढी होमार्पणं, आणि छप्पर कोसळतं. कौटुंबिक प्रार्थनेवर मी पुष्कळ उपदेश ऐकले, पाचवी ओळ सगळ्यांनी घेतली, एकोणिसावी कुणी घेतली नाही. प्रार्थनेला आपण विम्याचा हप्ता समजतो का, हे ती ओळ विचारते.

आमच्या मंडळीत एक बाई आहेत. नाव देत नाही. त्यांचा मुलगा हायवेवर गेला, दुचाकीवर होता. दोन मुलींच्या मधला. त्या प्रार्थनेच्या बाई म्हणून सगळ्या मंडळीत ठाऊक; उपवास धरणाऱ्या, पहाटे उठणाऱ्या. मयतीला सगळे आले, कुणाला काय बोलावं कळेना. कुणीतरी 'देवाची इच्छा' म्हणालं आणि त्यांनी त्या माणसाकडं असं पाहिलं की तो मागं सरकला. बऱ्याच महिन्यांनी मी एका कामासाठी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा आपणहून बोलल्या. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. कॅथलिक शेजारी 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, तसं आमच्याकडं नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, थोरलीचं नाव घेतलं की जीभ आपोआप त्याच्या नावावर जाते. तीस वर्षांची सवय. ते सोडून धाकटीचं नाव घ्यायला गेलं की श्वास अडकतो. सुरुवातीला मी प्रार्थनाच सोडली. आता त्याच्या नावापाशी थांबते. काही मागत नाही. मागायला काय राहिलंय? थांबते आणि म्हणते, दिला होतास. मग धाकटीचं नाव घेते."

त्यांनी चहा ठेवला. कपात साखर घालताना त्यांचा हात स्थिर होता. मुलांसाठी केलेल्या प्रार्थनेबद्दल मी आजवर जे काही ऐकलं त्यात 'दिला होतास' याच्या जवळ जाईल असं दुसरं काही नाही. मी घरी आलो आणि त्या रात्री दोघांची नावं घेतली. कुठली विनंती जोडली नाही. ते फार अवघड गेलं.

शेजारच्या कॅथलिक बाई, मूळच्या गोव्याकडच्या, 27 ऑगस्टला संत मोनिकेचा सण आठवणीनं पाळतात. त्यांच्यामुळं मला ती गोष्ट नीट कळली. मोनिकेचा मुलगा ऑगस्टीन, चौथ्या शतकातला, हुशार आणि आईच्या श्रद्धेपासून लांब गेलेला. त्याला कार्थेज सोडून रोमला जायचं होतं आणि ती सोडायला तयार नव्हती. त्यानं तिला खोटंच सांगितलं की मित्राला निरोप द्यायचाय. बंदराजवळच्या एका प्रार्थनामंदिरात ती रात्रभर बसली, रडली, हा जाऊ नये म्हणून मागत राहिली. रात्रीच जहाज सुटलं. सकाळी किनाऱ्यावर तो नव्हता. पुढं रोमहून तो मिलानला गेला, तिथं बिशप अँब्रोजची प्रवचनं त्याच्या कानावर पडली, आणि 387 साली त्याचा बाप्तिस्मा झाला. तो जाऊ नये हे तिचं मागणं देवानं त्या रात्री ऐकलं असतं, तर वर्षानुवर्षं ती ज्यासाठी रडत होती ते तसं घडलं नसतं. हे ऑगस्टीननं स्वतःच नंतर लिहून ठेवलं आहे. शेजारच्या बाई हे सांगताना नेहमी एकाच ठिकाणी थांबतात, किनाऱ्यावरच्या त्या सकाळी. "तिला कुठं ठाऊक होतं हो," म्हणतात. "ती रिकामा दर्या बघत उभी."

मी मोनिकेचा हिशेब स्वतःला लावत नाही. माझा मुलगा पुढं कुठं पोचेल ते मला माहीत नाही, आणि सगळ्याच गोष्टींचा शेवट बाप्तिस्म्यात होतो असंही नाही. मी फक्त एवढं शिकलो की पहाटे पाचला माझ्या मनात जे मागणं असतं, ते माझ्या भीतीतून आलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. तो लहान असताना आम्ही त्याला बाप्तिस्म्याला नेलं होतं. पाळकसाहेबांनी हात पुढं केले आणि हिनं बाळ त्यांच्या हातात दिलं. तो त्या क्षणी किंचाळला. आम्ही दोघांनी सगळ्या मंडळीसमोर वचनं दिली. ते बाळ तेव्हाच हातातून दिलं होतं. पाणी शिंपडून झाल्यावर परत घेतलं, आणि बहुधा मी ते परत घेणंच तेवढं लक्षात ठेवलं.

ऑगस्ट 2022 मध्ये मी जुन्या ऑफिसात गेलो आणि अडीच रुपयांचं अंतर्देशीय पत्र घेतलं. काउंटरवरचा पोरगा मला ओळखत होता, म्हणाला, "सर, हे आता कोण घेतंय?" दोन दिवस ते टेबलावर पडून होतं. मग लिहिलं. गुड फ्रायडेला मी जे बोललो ते चुकलं. प्रार्थना तुझ्या अंगावर फेकायची वस्तू नव्हती. आंब्याच्या झाडाला या वर्षी फळ कमी होतं, आईचा डोळा आता बरा आहे. चर्च हा शब्द मी कुठंही लिहिला नाही, प्रार्थना करतो असंही नाही. तळाला जागा उरली होती. तिथं लिहिलं, जेवत जा.

पत्र पोचलं का ते मी विचारलं नाही. अडतीस वर्षं लोक मला हाच प्रश्न विचारत आले होते, आणि मी सांगायचो, "पेटीत पडलंय ना, मग जाईल." दोन आठवड्यांनी रविवारी रात्री त्याचा फोन आला, माझ्या नंबरवर. आंब्याच्या झाडाला खत कुठलं घालता, असं विचारलं. अर्धा तास आम्ही आंब्याच्या झाडाबद्दल बोललो.

त्या महिन्यातच मी व्हॉट्सअॅप बघून प्रार्थनेला बसणं सोडलं. फोन आता रात्री स्वयंपाकघरात असतो. घरप्रार्थनेत नाव विचारलं तर नाव सांगतो, हकीकत सांगत नाही. थोरलीला मात्र मी सरळ विचारतो, तुझ्यासाठी काय मागू? ती सांगते. कधी म्हणते, वॉर्डातले एक आजोबा आहेत, त्यांच्यासाठी मागा, माझं राहू दे. धाकट्याला मी विचारत नाही. त्याला विचारावंसं वाटेल असा दिवस येईल किंवा येणार नाही.

गेल्या नाताळला तो आठवडाभर घरी आला होता. थोरलीला सुट्टी नव्हती. 25 तारखेला सकाळी मी चर्चला निघालो तेव्हा तो अंगणात होता, मी काही म्हणालो नाही. उपासना अर्धी झाली आणि मागच्या बाकावर कुणीतरी येऊन बसलं. मी वळून पाहिलं नाही. हिनं पाहिलं, आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

दुपारी मटण, पुलाव, आणि भट्टीवर नाव लिहून दिलेल्या डब्यात भाजून आणलेला केक. ताटं वाढून झाली. सवयीनं ही म्हणाली, "लहानापासून." म्हणालेलं लक्षात आल्यावर ओशाळली. मी म्हणणार होतो, राहू दे, मीच करतो. तेवढ्यात त्यानं डोळे मिटले.

एकतीस वर्षांचा माणूस, दाढीत एखादा पांढरा केस. तिकडं दिवसभर इंग्रजी आणि कन्नडमध्ये काम. त्याची मराठी प्रार्थना अठराव्या वर्षी घरातून निघाली तिथंच राहिली होती, खरं तर त्याच्याही मागं, सात-आठ वर्षांचा असतानाची. तेच शब्द, त्याच चालीत, तितक्याच भरभर. अन्नासाठी धन्यवाद. पप्पांना, मम्मीला, ताईला सांभाळ. खानापूरच्या पणजीला सांभाळ, तिचे पाय दुखू देऊ नकोस. आमेन.

आजी 2001 साली गेली. तो तेव्हा सात वर्षांचा होता. डोळे उघडल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो एकदम गप्प झाला. आम्ही कुणीच काही दुरुस्त केलं नाही. ही म्हणाली, "पुलाव घे."

2 जानेवारीला संध्याकाळच्या गाडीनं तो बेंगळुरूला परतला. दाराशी बॅग घेऊन उभा राहिला, आणि मी स्तोत्र उघडायच्या आधीच मान खाली घातली. मी वाचलं. जाणंयेणं, दोन्ही. स्टेशनवर यायला तो नको म्हणाला. थोड्या वेळानं गेट पडल्याची घंटा वाजली. गाडी टिळकवाडीतून जाताना अजून वेग धरत नाही, खिडक्यांचे दिवे एकेक करून सरकताना दिसतात. खानापूर सोडून लोंढ्याकडं जंगल लागलं की फोनची रेंज जाते. एरवी मी त्याच्या आधीच एकदा फोन करून घ्यायचो, आणि रेंज आली की पुन्हा, मग धारवाडला, मग हुबळीला.

"किती जणांचा लावू?" हिनं आतून विचारलं.

"दोघांचा."

मी स्वयंपाकघरात गेलो. तिनं कुकरच्या भांड्यात दोन वाट्या तांदूळ घेतले होते. फळीवर बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता. मी भांड्यातले मूठभर तांदूळ काढले. तिनं विचारलं नाही. डबा रिकामा होता, त्यामुळं आवाज मोठा आला.